अमळनेरच्या मातीच्या धाब्यात बॉल पायथनचे घर : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

माझा भाचा मार्चमध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणार असून त्याने पाच वर्षे सांभाळलेली बॉल पायथन जातीच्या सापाची मादी यापुढे माझ्याकडे अमळनेरला राहील, असे आज घरात ठरले. तिचे नाव गुंडी. घाबरली की डोके मध्ये घेऊन ती अंगाचा घट्ट गोळा करते, त्यावरून हे नाव पडले आणि इंग्रजीतील जातीचे नावही त्याच सवयीवरून आले आहे. या जातीचे साप माणसाच्या देखरेखीत वीस ते तीस वर्षे जगतात, म्हणजे मी साठीला स्वीकारत असलेली ही जबाबदारी कदाचित माझ्यानंतरही कोणाला तरी उचलावी लागेल. हा विचार करूनच मी होकार दिला आहे आणि धाकट्या बहिणीशीही तसे बोलून ठेवले आहे.

कायद्याची बाजू पहिल्याच पानावर लिहून ठेवते, कारण गावात हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जाईल. आपल्याकडचे धामण, अजगर, नाग किंवा इतर कोणतेही रानातले साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पकडता येत नाहीत आणि घरी ठेवताही येत नाहीत. बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील साप आहे आणि वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. भाच्याने ती केलेली आहे. प्राणी दुसऱ्याच्या ताब्यात जाताना त्याचीही माहिती द्यावी लागते, म्हणून ते काम पूर्ण होऊन कागद हातात येईपर्यंत सापाला जागेवरून हलवायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले.

१२ जानेवारी

आठवडाभर वाचन आणि भाच्याशी दूरध्वनीवर बोलणे झाले. घाना, टोगो, बेनिन या भागांतील गवताळ प्रदेशात हा साप दिवसाचा बहुतेक वेळ उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या जुन्या वारुळात घालवतो आणि रात्री बाहेर पडतो. पेटीची रचना या एका गोष्टीवरून ठरते. त्याला मोकळे मैदान नको, अंगाला चहूबाजूंनी टेकणारी अंधारी जागा हवी. बाहेर कितीही कोरडे असले तरी बिळातील हवा दमट असते. शिवाय बिळाच्या तोंडाशी ऊन आणि आत गारवा असल्याने शरीराचे तापमान तो थोडे पुढे-मागे सरकून राखू शकतो.

त्यामुळे आकडे असे धरले आहेत : उबदार टोकाला हवेचे तापमान ३० ते ३२ अंश, गार टोकाला २५ ते २७, रात्री कोठेही २३ च्या खाली नाही आणि आर्द्रता ६० ते ७० टक्के. गुंडी सुमारे चार फूट लांब आहे, म्हणून पेटी आतून चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच करायची. साप लहान पेटीत खूश असतो असे पुष्कळजण सांगतात, पण ते मला पटत नाही. लहान पेटीत दोन टोकांच्या तापमानात फरकच राहत नाही आणि फरक नसेल तर सापाला निवडायला काही उरत नाही. दडायला जागा असतील तर मोठ्या पेटीतही तो निर्धास्त राहतो.

पेटी पुढच्या खोलीत, पूर्वेच्या भिंतीला लागून ठेवायची असे तूर्त ठरवले आहे. सध्या तिथे पहाटे १३ अंश असतात, तेव्हा ऊब कशी टिकवायची हीच मुख्य चिंता वाटते.

१९ जानेवारी

आज सुतारदादा आले. त्यांना पेटीचा उपयोग सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी सरळ मोजमाप लिहून घ्यायला सुरुवात केली.

आठ बाय चारच्या एका प्लायमध्ये हिशेब जवळजवळ पूर्ण बसतो. तळ, छत आणि मागची बाजू प्रत्येकी आठ चौरस फूट, दोन बगला मिळून आठ, एकूण बत्तीस. करवतीत जाणारी जाडी धरता प्रत्येक माप एक-दोन सूत कमी येईल, पण त्याने काही बिघडत नाही. समोर खालच्या अंगाला चार इंचांची फळी लागेल, नाहीतर काच सरकवताच आतली भर बाहेर सांडेल. ती जुन्या कपाटातून निघेल. त्यावर अॅल्युमिनियमच्या खाचेत सरकणाऱ्या दोन काचा.

साहित्य निवडताना दोन गोष्टींवर बराच वेळ गेला. पीव्हीसी बोर्ड पाण्याने फुगत नाही आणि दादांचा कलही त्याकडे होता, पण छताला सिरॅमिक हीटर बसवायचा आहे आणि पीव्हीसी उष्णतेने मऊ पडते, म्हणून तो बाद केला. प्लाय घेताना दुकानदार आग्रहाने वाळवीरोधक प्रकार दाखवत होता. वाळवी लागू नये म्हणून त्यात कीटकनाशक मुरवलेले असते आणि बंद, उबदार पेटीत त्याची वाफ सापाच्या श्वासात जाण्याची भीती असते, म्हणून तो नाकारला. पाण्याला टिकणारा, पण अशी प्रक्रिया न केलेला प्लाय मिळाला. याच कारणासाठी घरात डासांची कॉइल, फवारा आणि झुरळांचा खडू यांचा वापर त्या खोलीपुरता आजपासून बंद केला आहे. डासांसाठी खिडकीला जाळी लावून घेतली.

हवा खेळण्यासाठी गार टोकाला खाली दोन आणि उबदार टोकाला मागे वर दोन अशी दोन-दोन इंचांची छिद्रे पाडून त्यांना स्टीलची जाळी ठोकली. गरम हवा वरून निघते आणि तिच्या जागी खालून ताजी येते, पंख्याची गरज पडत नाही.

२७ जानेवारी

आतून पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनचे तीन हात दिले. सांधे सिलिकॉनने बुजवले. हे सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास देते आणि तो पूर्ण जाईपर्यंत पेटी वापरायची नाही. पेटी अंगणात सावलीला उघडी ठेवली आहे. वास गेला की नाही हे आपल्या नाकाला पेटी उघडी असताना कळत नाही. काचा लावून, आत हीटर एक तास चालवून, मग उघडून पाहायचे, म्हणजे उष्णतेने जे बाहेर यायचे ते येते. आज तसे केल्यावर वास स्पष्ट आला. अजून दोन आठवडे थांबते.

२ फेब्रुवारी

नियंत्रक आणि मोजण्याची साधने आली. हीटर १०० वॅटचा, चिनी मातीच्या होल्डरमध्ये. तो प्रकाश देत नाही, त्यामुळे रात्रीही चालतो. त्याच्या मागे पत्रा आणि पत्रा व छत यांच्यात एक इंच पोकळी ठेवली आहे. हीटरभोवती तारेचा पिंजरा बसवला, कारण साप तापलेल्या वस्तूला वेळीच सोडत नाही आणि अंग भाजून घेतो. पिंजऱ्याची वीण इतकी बारीक आहे की त्याचे डोके आत शिरणार नाही.

नियंत्रक नुसता चालू-बंद करणारा न घेता वीज हळूहळू कमी-जास्त करणारा घेतला. पहिल्या प्रकारात तापमान सतत दोन-तीन अंश वर-खाली होत राहते.

आर्द्रतामापक तपासण्याची मिठाची रीत शाळेत मुलांना मी दाखवत असे, ती आज उपयोगी पडली. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूइतके भिजवायचे, ते झाकण आणि मापक एका बंद डब्यात ठेवायचे आणि रात्रभर थांबायचे. डब्यातील हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझ्या तीन मापकांपैकी दोघांनी ७३ आणि ७४ दाखवले, तिसऱ्याने ६१. हा तिसरा तसाच वापरला असता तर आर्द्रता चौदा टक्क्यांनी कमी समजून मी पेटी भिजवत राहिले असते आणि सतत ओल्यात राहिल्याने सापाच्या पोटाचे खवले सडतात. तो बाजूला काढला.

६ फेब्रुवारी

रिकाम्या पेटीची चाचणी चालू असताना काल रात्री एक अपघात झाला. नियंत्रकाचा संवेदक चिकटपट्टीने लावला होता. उष्णतेने पट्टी सुटली, संवेदक खाली गार तळाशी पडला आणि नियंत्रकाला पेटी थंड वाटल्याने त्याने हीटर पूर्ण जोरात चालू ठेवला. पहाटे साडेचारला पाहिले तेव्हा उबदार टोक ४१ अंशांवर होते. साप आत असता तर काय झाले असते, हे वेगळे लिहिण्याची गरज नाही.

संवेदक आता धातूच्या पट्टीने आणि स्क्रूने भिंतीला जखडला आहे. त्याशिवाय दुसरा, स्वतंत्र नियंत्रक वीजजोडणीत पुढे बसवला. त्याचा संवेदक वेगळ्या जागी आहे आणि ३५ अंशांना तो सगळी वीज तोडतो. एक साधन बिघडले तरी दुसरे राखणीला राहील. पेटी महिनाभर रिकामी चालवण्याचा भाच्याचा आग्रह मला सुरुवातीला जास्तीचा वाटला होता. त्याला आज सकाळी दूरध्वनी करून ही हकिगत सांगितली तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मावशी, म्हणूनच तर."

११ फेब्रुवारी

तळाच्या भरीसाठी रोपवाटिकेतून नारळाच्या भुशाची पाच किलोची वीट आणली. हा भुसा बऱ्याचदा खारट असतो, म्हणून तो घमेल्यात तीन वेळा धुऊन पिळून काढला आणि दोन दिवस उन्हात पसरला. थर चार इंचांचा केला. पाणी वरून शिंपडायचे नाही, चारही कोपऱ्यांत बारीक धारेने ओतायचे. ते तळाशी पसरते, खालचा थर ओलसर आणि वरचा कोरडा राहतो आणि हवेला ओल मिळत असूनही सापाचे पोट ओल्यावर टेकत नाही. या पद्धतीने आज गार टोकाला ६४ टक्के मिळाले.

वर पसरायला पालापाचोळा हवा होता. शेजारच्यांनी शेतातील केळीची वाळलेली पाने देऊ केली. त्यावर किती फवारण्या झाल्या आहेत हे सांगणे त्यांनाही अवघड होते, म्हणून आभार मानून नको म्हटले. कपाशीच्या पऱ्हाट्यांचेही तेच. आमच्या अंगणातील देशी बदामाची गळलेली पाने कोणत्याही फवाऱ्याखाली आलेली नाहीत. ती उकळत्या पाण्यातून काढून उन्हात कडक वाळवली आणि पेटीत टाकली.

१६ फेब्रुवारी

दडण्याच्या जागांसाठी कुंभाराकडे गेले. दोन सारख्या मापाची मडकी हवी होती, फार मोठी नकोत. साप आत वेटोळे घालून बसला की पाठ आणि बगला भिंतीला टेकल्या पाहिजेत, तरच त्याला सुरक्षित वाटते. दोन्ही सारखी असणे तितकेच महत्त्वाचे आहे. उबदार टोकाचे मडके आवडीचे आणि गार टोकाचे नावडते असेल तर साप गरम होत असूनही आवडत्या मडक्यातच बसून राहतो. सुरक्षितता आणि योग्य तापमान यांतून त्याला निवड करावी लागू नये.

मडकी पालथी घालून त्यांच्या काठाला तीन इंचांची कमान कापायची होती. कोरडे कापताना पहिले मडके तडकले. मग कुंभारदादांनीच रात्रभर पाण्यात भिजवून पात्याने हळूहळू कापून दिले आणि मी काठ पॉलिश पेपरने गुळगुळीत केले.

मडके आणताना एक विचार आला आणि तो लगेच करून पाहिला. गार टोकाच्या मडक्याला बाहेरून पाणी लावले. भाजलेल्या मातीला झिरप असल्याने माठातले पाणी जसे गार होते तसे आतली हवाही गार व्हायला हवी. पेटीत २७ अंश असताना मडक्याच्या आत २४.५ आले. सध्या याची गरज नाही, तरी नोंद करून ठेवते.

२१ फेब्रुवारी

आजची नोंद या सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

थंडी गेली. दुपारी गच्चीवर सावलीत ३६ अंश होते. पुढच्या खोलीवर स्लॅब आहे. तो दुपारभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत खाली उष्णता सोडतो. पेटीतील हीटर दुपारी बारा वाजल्यापासून बंदच होता, तरीही संध्याकाळी सहाला उबदार टोक ३३ आणि गार टोक ३२ अंशांवर होते. आर्द्रता ३८. दोन टोकांमधला फरक केवळ एक अंश.

महिनाभर मी ऊब कशी द्यावी याचाच विचार केला. वाचलेले बहुतेक सगळे साहित्य थंड देशांत लिहिलेले आहे, तिथे खोली २० अंशांवर असते आणि पेटी गरम करावी लागते. गार टोक ही तिथे आपोआप मिळणारी गोष्ट आहे. खानदेशात मार्च ते जूनपर्यंत नेमकी तीच मिळत नाही. हीटर बंद करता येतो, पण स्लॅबची भट्टी बंद करता येत नाही. फेब्रुवारीत ही स्थिती असेल तर एप्रिलमध्ये ही खोली ३८ च्या पुढे जाईल आणि ३५ च्या वरचे तापमान तासन् तास राहिले तर ते या सापाला मारक ठरू शकते.

उपाय पेटीत नव्हता, घरातच होता. मागच्या बाजूला सासऱ्यांच्या वेळचे धाबे आहे. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाचा कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या खाऱ्या मातीचा जाड थर. ती खोली धान्याच्या कोठ्या ठेवण्यासाठीच वापरली जात होती. सकाळपासून दर दोन तासांनी तिथे तापमान घेतले : सर्वांत कमी २५, सर्वांत जास्त २७.५. बाहेर जवळजवळ वीस अंशांचा चढउतार होत असताना आत अडीच अंशांचा. जाड भिंतींना दिवसाची उष्णता आत पोहोचवायलाच इतके तास लागतात की तोपर्यंत रात्र होते. आमच्या वाडवडिलांनी या उन्हाळ्यासाठीच अशी घरे बांधली आणि मी त्या खोलीला अडगळ म्हणत होते, याचे मनापासून वाईट वाटले.

२४ फेब्रुवारी

पेटी धाब्यात हलवली. चार माणसे लागली. धाब्यात उंदीर येतात, म्हणून कोठ्या बाहेर काढल्या, बिळे खापराचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवली. उंदरांचे औषध अजिबात ठेवलेले नाही. पेटी जमिनीपासून दीड फूट उंच लोखंडी घोडीवर ठेवली आणि घोडीचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत ठेवले. अंधारी खोली असल्याने बारा तास चालणारा मंद एलईडी दिवा पेटीत लावला, म्हणजे दिवस-रात्र समजेल. काचांना कुलूप लावले, कारण साप बोटभर फटीतून काच सरकवू शकतो.

तीन दिवसांचे आकडे घेऊनच भाच्याला निरोप द्यायचा.

२७ फेब्रुवारी

उबदार टोक ३१.५, गार टोक २६, आर्द्रता ६१ ते ६६. तिन्ही दिवस हेच. कागदपत्रेही पूर्ण झाली आहेत. भाच्याला "आण" असे कळवले.

१ मार्च

रात्रीच्या प्रवासाने गुंडी पुण्याहून सकाळी सहाला पोहोचली. सुती पिशवीत, पिशवी छिद्रे पाडलेल्या थर्मोकोलच्या खोक्यात. वाटेत खोक्यात २६ अंश होते. वजन १४२० ग्रॅम. डोळे, नाक, तोंड आणि खवल्यांच्या फटी भिंगाने तपासल्या. सापांना लागणाऱ्या काळ्या बारीक गोचिडांसारख्या माइट दिसतात का हे पाहायला तिला पांढऱ्या कापडावर दहा मिनिटे ठेवले. काहीही नव्हते. पेटीत सोडल्यावर ती काही क्षण जिभेने हवा चाचपत राहिली आणि मग सरळ गार टोकाच्या मडक्यात शिरली.

भाचा दुपारी परत गेला. जाण्यापूर्वी तो बराच वेळ काचेसमोर बसला होता. मी त्याला चहाला हाक मारली नाही.

९ मार्च

आठवडाभर तिला हात लावला नाही. पाणी बदलणे आणि आकडे लिहिणे एवढेच. शेजारच्या आजी रोज चौकशी करतात, "हाऊ काय खास?" (अहिराणीत : हा काय खातो?) दूध पाजायचे नसते हे त्यांना एकदा नीट समजावून सांगितले. सापाला दूध पचत नाही, तहानेने व्याकूळ झाला तरच तो ते पितो आणि नागपंचमीला असे कितीतरी साप त्यामुळेच मरतात. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग पाणी कोणत्या भांड्यात देता, असे विचारले. दगडी कुंडी दाखवली. ती जड असल्याने उलटत नाही आणि गुंडीला अंग बुडवून बसता येईल एवढी रुंद आहे.

आज पहिले अन्न देऊन पाहिले. खाद्य म्हणून वाढवलेले आणि गोठवलेले उंदीर भाच्याने सोबत आणले होते. शेतातला उंदीर कधीही द्यायचा नाही : त्याच्या पोटात जंत असू शकतात आणि झिंक फॉस्फाइड हे उंदरांचे विषही. उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवला, मग पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवून ३८ अंशांपर्यंत गरम केला आणि लांब चिमट्याने समोर धरला. तिने वास घेतला आणि मान मागे घेतली. उंदीर टाकून दिला. वितळलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नसतो.

२२ मार्च

आज रात्री नऊला तिने ८५ ग्रॅमचा उंदीर घेतला. दोन आठवडे थांबणे मला जड गेले, परंतु या जातीचे निरोगी प्रौढ साप कित्येक आठवडे, कधी महिनेही, खात नाहीत आणि वजन टिकून असेल तर काळजीचे कारण नसते. परवा वजन १४०५ होते, म्हणजे पंधराच ग्रॅम घट. आता दोन दिवस तिला उचलायचे नाही, नाहीतर ती खाल्लेले उलटून टाकेल. पुढचा उंदीर तीन आठवड्यांनी.

६ एप्रिल

बाहेर ४१. धाब्यात दुपारी २९.५, पेटीचे गार टोक २८.५. आर्द्रता मात्र कोसळली, कारण बाहेरची हवा अगदी कोरडी आहे आणि गच्चीवर १७ टक्के दिसतात. पेटीत ४७. भुशात रोज पाणी ओतून ती वाढवणे मला योग्य वाटत नाही, कारण त्याने तळ चिखलासारखा होईल. पेटीतील हवा ओली करण्यापेक्षा खोलीतील हवाच ओली करावी म्हणून कूलर लावला, पण धाब्याच्या आत नव्हे तर ओसरीवर, दाराकडे तोंड करून. वाऱ्याचा झोत पेटीवर येत नाही, ओलसर गार हवा मात्र खोलीत भरते. कूलरचे गवत नवीन घातले, कारण जुन्यात बुरशी असते आणि ती थेट श्वासात जाते. संध्याकाळपर्यंत खोली २७.५, पेटीत ५८ टक्के.

वीज दुपारी दोन तास जाते. तेवढ्या वेळात जाड भिंतींमुळे खोली अर्ध्या अंशाने वाढते. स्लॅबखाली हे शक्य झाले नसते.

१७ एप्रिल

डोळे निळसर, पांढुरके झाले. कात टाकण्याची तयारी. मडक्याला बाहेरून दिवसातून दोनदा पाणी लावायला सुरुवात केली. फेब्रुवारीतली ती नोंद आता कामास आली : मडक्याच्या आत ७४ टक्के आणि २५ अंश. गुंडी दिवसभर तिथेच असते.

२३ एप्रिल

गच्चीवर ४३. पहाटे कात टाकली. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड, डोळ्यांवरच्या दोन्ही चकत्यांसह. कात तुकड्यांत निघते किंवा डोळ्यांवर अडकते तेव्हा हवा कोरडी पडलेली असते. या वर्षीच्या कोरड्या उन्हाळ्यात ती सलग निघाली, याचा मला झालेला आनंद लिहून पुरा होणार नाही. कातेचा फोटो भाच्याला पाठवला. तिथे अजून सकाळ व्हायची होती, तरी उत्तर लगेच आले.

कात ताणली जाते, म्हणून तिच्या लांबीवरून सापाची लांबी धरायची नाही, हे स्वतःच्या माहितीसाठी लिहिते.

१४ मे

या वर्षी मेमध्येच अवकाळी पाऊस सुरू झाला. धाब्यावर पावसाळ्यापूर्वी खारी, म्हणजे ती पांढरी खारी माती, टाकायची असते, ते काम मी जूनच्या पहिल्या आठवड्यात धरले होते. काल रात्रीच्या पावसात कोपऱ्यातून गळती झाली आणि चिखलाचे पाणी पेटीच्या छतावर, हीटरच्या तारेपासून हातभर अंतरावर टपकत होते. मुख्य वीज बंद केली, पेटीवर ताडपत्री घातली आणि गुंडीला पिशवीसह खोक्यात घालून पुढच्या खोलीत आणले. पावसाने तिथे २७ अंश होते, हे नशीबच. तारा आता भिंतीवरून न नेता पेटीच्या खालून घेतल्या आहेत आणि छतावर दीड इंच उताराचा पत्रा बसवला आहे, म्हणजे पुन्हा गळले तरी पाणी मागे जमिनीवर जाईल.

१९ मे

दोन दिवस उघडीप मिळताच गड्यांनी धाब्यावर खारी टाकून, चोपून, उतार काढून दिला. माती पडत असल्याने त्या वेळी पेटी रिकामी आणि झाकलेली होती. आज आतली सगळी भर बदलली, जाळ्या धुतल्या, दोन्ही नियंत्रक पुन्हा तपासले. दुसऱ्या नियंत्रकाचा संवेदक मुद्दाम कोमट पाण्यात बुडवून तो ३५ ला वीज तोडतो की नाही हे पाहिले. तोडली.

आता हवेतच ७८ टक्के आर्द्रता आहे, म्हणून कूलर बंद, भुशात पाणी बंद, आणि खालच्या छिद्रांपैकी जे एक उन्हाळ्यात अर्धे झाकले होते ते पूर्ण उघडले. दुपारी चारला गुंडीला आत सोडले. वजन १४६० ग्रॅम. उबदार टोक ३१, गार टोक २६.५. रात्री दहाला पाहिले तेव्हा ती पाण्याच्या कुंडीला वळसा घालून उबदार बाजूच्या मडक्यात अर्धी शिरलेली होती आणि शेपटी बाहेर होती.